सातची घंटा आठला वाजू द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : आठवी ते दहावीचं सकाळचं सत्र आठच्या आधी न भरवण्याबाबत

महोदय,

हे पत्र लिहिताना माझ्यासमोर आठवीतल्या एका मुलाची विज्ञानाची वही उघडी आहे. जानेवारीतला सोमवार, पहिला तास. मी फळ्यावर पेशीची आकृती काढून पेशीअंगकांची नावं लिहून दिली होती. वहीत ‘केंद्रक’ नीट आहे, ‘तंतुकणिका’ नीट आहे. ‘आंतर्द्रव्यजालिका’ लिहिताना ‘आंतर्द्र’पर्यंत अक्षर शाबूत आहे आणि तिथून पेनाची रेघ ओळ सोडून तिरकी खाली उतरली आहे, थेट पानाच्या कडेपर्यंत. त्याखाली ‘रिक्तिका’, पुन्हा वळणदार अक्षरात. मी बाकाशी जाऊन विचारलं, “झोप लागली होती का रे?” तो गोंधळून म्हणाला, “नाही बाई, मी लिहीतच होतो.”

तो खोटं बोलत नव्हता. झोप अपुरी राहिली की मेंदू काही सेकंदांच्या डुलक्या अशाच चोरून घेतो. डोळे उघडे असू शकतात, हातात पेन असतं, पण बाहेरचं काही आत पोचत नाही. इतक्या छोट्या डुलकीची आठवणही राहत नाही, त्यामुळे ज्याला ती लागते त्यालाच ती कळत नाही. माझ्या कपाटात अशा रेघा असलेल्या वह्या पुष्कळ आहेत.

मी भांडुपच्या एका अनुदानित मराठी शाळेत २३ वर्षं विज्ञान शिकवते. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गाऱ्हाणं तिच्याविषयी नाही. मुंबईत अशा कितीतरी शाळा आहेत: इमारत एक, सत्रं दोन. सकाळी सातला मोठी मुलं, दुपारी साडेबाराला लहान मुलं.

८ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या विभागाने शासन निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही हा विषय जाहीरपणे काढला होता. तो निर्णय मला मनापासून आवडला. सरकारी कागदावर ‘झोप’ हा शब्द शिक्षणाशी जोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पण तो चौथीला थांबला. आणि ज्या वयात सकाळची झोप मोडल्याने मेंदूचं सर्वांत जास्त नुकसान होतं, ते वय त्यानंतर सुरू होतं.

असं का म्हणते, ते जरा सविस्तर सांगते.

डोळ्यांकडून आलेल्या दोन नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे अगदी वर सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका आहे. त्याचं नाव सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. हे आपलं मुख्य घड्याळ. ते पेशीच्या आत चालतं: काही जनुकं दिवसभर प्रथिनं तयार करतात, ती साठली की त्याच जनुकांना थांबवतात, मग ती विरतात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. एक फेरी साधारण २४ तासांची. फळमाशीवर काम करून ही यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज सकाळच्या उजेडाने जुळवलं जातं. संध्याकाळी उजेड ओसरला की त्याच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरायला लागतं आणि शरीराची रात्र सुरू होते.

मूल वयात येताना हेच घड्याळ मागे पडतं. ब्राऊन विद्यापीठातल्या मेरी कार्स्केडन यांनी हयात या प्रश्नावर घालवली. १९९३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या मुलांमध्ये वयात येण्याच्या खुणा जितक्या पुढे गेलेल्या, तितका उशिरा झोपून उशिरा उठण्याकडे कल दिसला. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट बदलते. जागेपणी मेंदूत झोपेचा दाब साठत जातो, तो या वयात सावकाश साठतो. म्हणजे दहाला अंथरुणावर टाकलेलं पंधरा वर्षांचं पोर खरोखरच जागं असतं, आणि सकाळी सहाला त्याच्या शरीरात अजून रात्र असते.

“मोबाईल काढून घ्या, सगळं ठीक होईल,” असं पालकसभेत हटकून कुणीतरी म्हणतं. रात्री मोबाईलच्या पडद्याचा उजेड मेलाटोनिन लांबवतो हे खरं आहे आणि मी मुलांना ते दरवर्षी सांगते. पण कार्स्केडन यांचा अभ्यास मोबाईल पोरांच्या हाती येण्याच्या आधीचा आहे. आळस, लाड, मोबाईल ही कारणं आपण वरून चिकटवली. मूळ बदल वयाचा आहे.

त्यांचाच १९९८ चा एक अभ्यास मला आपल्यापर्यंत पोचवायचाच आहे. अमेरिकेत नववीतून दहावीत जाताना काही मुलांची शाळा ८.२५ ऐवजी ७.२० ला भरू लागली. दहावीतल्या त्या मुलांना रात्री प्रयोगशाळेत झोपवलं, शाळेच्या वेळेला उठवलं आणि मग सकाळी साडेआठला पुन्हा अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायला सांगितलं. मुलं काही मिनिटांतच झोपली. पण धक्का देणारी गोष्ट पुढे आहे. निरोगी माणूस झोपला की स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, यायला साधारण ९० मिनिटं लागतात. या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास थेट रेममध्ये शिरली. नार्कोलेप्सी नावाच्या झोपेच्या आजारात असं होतं. या मुलांना आजार नव्हता. त्यांच्या शरीराच्या घड्याळात साडेआठला रात्र सरलेलीच नव्हती, आणि मेंदू अर्धवट सुटलेलं काम पुरं करायला धावला.

ही झाली ७.२० ची शाळा. आमची सातची आहे. आणि मुंबईच्या बाबतीत त्यात ३९ मिनिटं आणखी मिळवावी लागतात.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, ते मिर्झापूरजवळून जातं. मुंबई ७२.८ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने सूर्य आपल्याकडे ३९ मिनिटं उशिरा येतो. आमच्या आजोबांच्या पिढीला हे पाठ होतं, कारण मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं. ‘मुंबई टाइम’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालायचा, आणि १९५५ पर्यंत तो या शहरात टिकून होता. त्या घड्याळात आजची सातची घंटा ६ वाजून २१ मिनिटांनी वाजते. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो. आमची प्रार्थना होते, हजेरी होते, पहिला तास सुरू होतो, आणि मग सूर्य उगवतो. ज्या उजेडाने मेंदूचं घड्याळ जुळायचं तो येण्याआधीच आम्ही ट्यूबलाइटखाली फळा भरायला घेतलेला असतो. मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या मुलांची पाहणी अभ्यासून दाखवलंय की सूर्यास्त तासभर उशिरा होतो तिथे मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते: झोपायला उशीर होतो, शाळेची वेळ मात्र तीच राहते. मुंबई देशाच्या पश्चिम काठावर आहे.

आता आमच्या मुलांचा दिवस बघा. आमच्या शाळेतली बरीच मुलं वर डोंगरावरच्या वस्तीतून येतात. नळाला पाणी पहाटे येतं. हंडे-कळशा भरायचा आवाज झाला की एका खोलीत कोणीच झोपू शकत नाही. क्लास सुटतो रात्री साडेनऊला. वडील कामावरून येतात तेव्हा दहा-साडेदहा झालेले असतात, त्यांच्यासोबत जेवण होतं, आणि टीव्ही बंद होऊन अंथरुणं पडेपर्यंत बारा वाजतात. साडेपाचला उठायचं. साडेपाच तास झोप झाली, तीही सलग नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये १३ ते १८ या वयासाठी सांगितलेली झोप ८ ते १० तासांची आहे.

हरवतं काय, ते शिक्षकाच्या नजरेतून सांगते. आम्ही मुलांना रफ वही आणि फेअर वही ठेवायला लावतो. मेंदूचंही तसंच असतं. दिवसभरात जे शिकलं ते आधी हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात कच्चं उतरतं आणि झोपेत ते मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, पक्कं होत जातं. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत हे प्रत्यक्ष पाहिलं. उंदीर फिरत असताना ज्या पेशी जोडीने पेटल्या होत्या, त्याच नंतर गाढ झोपेत पुन्हा जोडीने पेटल्या. दिवसाचा धडा मेंदू रात्री गिरवत होता. माणसाच्या गाढ झोपेतल्या संथ लहरी आणि त्यांवर स्वार होणारे सेकंदाला बारा-पंधरा कंपनांचे झटके, ज्यांना स्लीप स्पिंडल म्हणतात, ते या उतरवण्याच्या कामाशी जोडलेले आहेत.

रात्रीची झोप सगळीकडे सारखी नसते हेही लक्षात घ्या. पहिल्या अर्ध्या रात्रीत गाढ झोप जास्त, पहाटेकडे रेम जास्त. मुलाला दोन तास आधी उठवलं तर आठातले दोन तास गेले एवढाच हिशेब होत नाही. रेमचा मोठा हिस्सा त्या दोन तासांत असतो, तोच छाटला जातो. याच वयात मेंदू वापरातल्या जोडण्या बळकट करत असतो आणि नको असलेल्या काढून टाकत असतो. कपाळामागचा भाग, जो थांब, विचार कर, मग बोल असं सांगतो, तो तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. हे बांधकाम चालू असताना आम्ही रोज पहाटे वीज तोडतो.

मग वर्गात भांडणं होतात. साध्या बोलण्यावर मुली रडतात. पट्टी मागितली म्हणून कॉलर धरली जाते. २००७ मध्ये मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने रात्रभर जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले. भीती-रागाशी जोडलेला अमिग्डाला हा भाग झोपलेल्यांच्या तुलनेत ६० टक्के जास्त उसळला होता आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचा धागा सैल पडला होता. आमच्या शिक्षककक्षात मात्र अजून एकच निदान होतं: हल्लीची मुलं उद्धट झालीत.

झोपेत मेंदू धुऊन निघतो, असंही सगळीकडे सांगितलं जातं. २०१३ च्या उंदरांवरच्या प्रयोगाने ते गाजलं, पण २०२४ मध्ये दुसऱ्या गटाला उलट निष्कर्ष मिळाले आणि वाद मिटलेला नाही. म्हणून तो मुद्दा मी आधाराला घेत नाही. माझी मागणी उभी राहायला त्याची गरज नाही.

“सवय होते हो, आम्ही नाही का सातला जायचो?” हे मला सगळ्यांत जास्त ऐकावं लागतं. सवय होते ती झोप आल्याचं न कळण्याची. २००३ मध्ये हान्स व्हॅन डोंगन आणि डेव्हिड डिंजिस यांनी प्रौढ माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. दोन आठवड्यांनी त्यांचं लक्ष आणि स्मरण अख्ख्या एक-दोन रात्री न झोपलेल्या माणसाइतकं ढासळलं होतं. आणि त्यांना विचारलं तर ती म्हणत होती, थोडीशी झोप येते, तसे ठीक आहोत. ही प्रौढ माणसं होती, आणि मुदत दोन आठवड्यांची होती. आमची मुलं असं तीन वर्षं काढतात.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी रोज पहिल्या तासाला मान टाकायची. मी तिला आठवडाभर वर्गाच्या दाराशी उभं केलं. ती उभ्या उभ्या चौकटीला टेकून झोपायची. मी पालकांना बोलावलं तेव्हा आई म्हणाली, पाणी भरायला हीच उठते, माझी रात्रपाळी असते. त्या मुलीचा विज्ञानाशी संबंध पुढे राहिला नाही आणि त्यात माझा हात आहे. तिला मी शिक्षा दिली ती तिच्या शरीराने बरोबर काम केल्याबद्दल.

उपाय चालतो का, याचं उत्तर उपलब्ध आहे. सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या होरासिओ दे ला इग्लेसिया यांच्या गटाने दोन शाळांतल्या मुलांच्या मनगटांवर नोंदयंत्रं बांधून बदलाच्या आधी आणि नंतर झोप मोजली. मुलं वाढलेला तास रात्री जागण्यात घालवतील, ही सगळ्यांची भीती होती. तसं झालं नाही. झोप रोज ३४ मिनिटांनी वाढली आणि गुण ४.५ टक्क्यांनी. तो वर्ग जीवशास्त्राचा होता, म्हणून मला त्याचं जास्त अप्रूप. दोनपैकी ज्या शाळेत गरीब घरांतली मुलं जास्त होती, तिथे उशिरा येणं आणि गैरहजेरीही कमी झाली. कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला. २०२२ पासून तिथल्या बहुतेक हायस्कुलांना साडेआठच्या आधी भरता येत नाही.

मी साडेआठ मागत नाही. दोन सत्रांच्या इमारतीत ते बसत नाही, हे मला वेळापत्रक लावून लावून ठाऊक आहे. मी आठ मागते. सकाळचं सत्र आठ ते पाऊण, दुपारचं एक ते सहा. दोन्हींकडून दहा-पंधरा मिनिटं काढावी लागतील. परिपाठ आटोपशीर करता येईल, तासिका पाच मिनिटांनी लहान करता येतील. शेवटच्या तासाला लहान मुलं थकतात, हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यासाठी तो तास खेळाचा किंवा चित्रकलेचा ठेवावा.

सहाला सुटलं तर अंधार पडतो, मुलींचं काय, असं विचारलं जाईल. नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईत सहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे घरी जाताना संधिप्रकाश असतो आणि रस्त्यावर माणसांची वर्दळ असते. आज आमच्या मुली सव्वासहाला डोंगरावरून खाली उतरतात तेव्हा मिट्ट काळोख असतो आणि वाटेवर कुत्र्यांशिवाय कोणी नसतं. त्या अंधाराबद्दल आजवर कुणी विचारलं नाही.

शिक्षकांचा विरोध होईल, तो माझ्याच सहकाऱ्यांचा असेल. सकाळी रिकाम्या लोकलने येऊन दुपारी एकला घरी पोचणं ही मोठी सोय आहे, कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्यांना तर फारच. आठच्या शाळेसाठी निघालं की गाडीला गर्दी वाढलेली असते. हा त्रास खरा आहे. तरी चाळीस जणांच्या संघाची सोय आणि हजार मुलांचे मेंदू यांत मी निवड केली आहे, आणि माझ्या सहकाऱ्यांनीही ती करावी अशी माझी त्यांना विनंती आहे.

एक गोष्ट आपल्याच हातातली. दहावीची बोर्डाची परीक्षा सकाळी अकराला सुरू होते. मंडळाला अकरा ही वेळ योग्य वाटते, आणि त्या परीक्षेचा अभ्यास आम्ही तीन वर्षं सात वाजता घेतो. निदान वर्षभर तरी चाचण्या आणि गणित-विज्ञानाचे तास पहिल्या तासाला ठेवू नयेत, असं परिपत्रक काढायला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही. आणि क्लासवाल्यांनी रात्री आठनंतर शाळकरी मुलांना बसवू नये, हेही बंधन हवं. नाहीतर सकाळी मिळालेला तास रात्री क्लासमध्ये जाईल.

सगळ्या राज्यासाठी एकदम निर्णय घेणं जड जात असेल, तर येत्या जूनपासून मुंबईतल्या दोन सत्रांच्या काही शाळा निवडा आणि वर्षभर आठची वेळ लावा. हजेरी, उशिराची नोंद, सहामाहीचे गुण हे सगळं आमच्याकडे रजिस्टरमध्ये असतंच, आधीच्या वर्षाशी ताडून बघता येईल. झोपेची नोंद मुलांकडून रोज वहीत लिहून घ्यायची जबाबदारी माझ्या शाळेपुरती मी घेते.

त्याआधी जानेवारीत एकदा आमच्याकडे या. भांडुपच्या वरच्या वस्तीतून सव्वासहाला मुलांबरोबर चालत खाली उतरू, सात वाजता नववी ‘ब’मध्ये मागच्या बाकावर बसू. हजेरी घेईन तेव्हा बाहेर सूर्य उगवलेला नसेल. सव्वासातला खिडकीतून ऊन आत यायला लागतं, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यांकडे बघा. तास संपल्यावर कुठल्याही पाच वह्या मागून घ्या आणि शेवटचं पान उघडा.

आपली,
विज्ञान शिक्षिका,
भांडुप, मुंबई